बोथट क्युरेट सुरक्षित नसतं

दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांमध्ये आणि नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेल्यांमध्ये कीटण (दातांवर साचून कडक झालेला थर) काढण्याच्या अवजारांबद्दल एक सल्ला सारखा फिरतो आहे: 'अल्ट्रासॉनिक मशीन घेतलं की झालं. हाताच्या अवजारांत एक सिकल आणि एक युनिव्हर्सल क्युरेट पुरे. ग्रेसीचे एवढे नंबर विकण्यासाठीच काढलेत. आणि धार फार लावू नका, बोथट अवजाराने दाताला इजा होत नाही.' (अल्ट्रासॉनिक मशीन थरथरणाऱ्या टिपने कीटण काढतं; सिकल हे टोकदार अवजार, क्युरेट गोल टोकाचं आणि हिरडीखाली चालणारं; ग्रेसी हा क्युरेटचाच प्रकार, दातांच्या वेगवेगळ्या बाजूंसाठी वेगवेगळ्या नंबरांचा.) यातलं शेवटचं वाक्य मला सर्वांत घातक वाटतं, म्हणून सुरुवात तिथूनच.

तीक्ष्ण ब्लेड कीटणाची कड पकडतं आणि ते मुळावरून उचलून काढतं. बोथट ब्लेड वरून घसरतं. मग आपण जोर वाढवतो, तीच जागा पुन्हा पुन्हा घासतो आणि कीटण निघण्याऐवजी घोटलं जातं. एक्स्प्लोरर (पृष्ठभाग चाचपायचं बारीक टोकाचं अवजार) फिरवला तर कुठेच अडकत नाही, मूळ साफ झाल्यासारखं वाटतं. थर मात्र जागेवरच असतो. हिरडीतून रक्त येणं थांबत नाही आणि चूक कुठे झाली ते कळतही नाही. शिवाय जोराने धरलेलं अवजार सटकतं तेव्हा ते हिरडीत जातं. इजा टाळायची म्हणून बोथट ठेवलेल्या अवजारानेच ही इजा होते.

धार तपासायला वेळ लागत नाही. ब्लेड उजेडात धरा. बोथट कडेवर उजेडाची बारीक रेघ चमकते, तीक्ष्ण कडेवर ती दिसत नाही. धार लावताना ब्लेडची वरची सपाट बाजू आणि दगड यांत १०० ते ११० अंशांचा कोन ठेवला, तर ब्लेडचा आतला कोन ७० ते ८० अंश राहतो. क्युरेटचं टोक गोलच ठेवा. घासून घासून टोकदार केलेलं क्युरेट म्हणजे हिरडीखाली घातलेला सिकल. आणि ब्लेड बारीक झालं की ते टाकून द्यायचं, नाहीतर पॉकेटमध्ये, म्हणजे हिरडी आणि दात यांमधल्या खोल पोकळीत, तुटतं.

आता ग्रेसीचे नंबर. युनिव्हर्सल क्युरेटची वरची सपाट बाजू शँकच्या (हँडल आणि ब्लेड जोडणाऱ्या दांडीच्या) खालच्या भागाशी ९० अंशांत असते आणि दोन्ही कडा कापतात. क्लेटन ग्रेसी यांच्या रचनेत ती बाजू सुमारे ७० अंशांवर कललेली असते, म्हणून खालची एकच कड कामाची. शँकचा खालचा भाग दाताच्या पृष्ठभागाला समांतर धरला की कोन आपोआप बरोबर बसतो. दाढेच्या मागच्या बाजूला जिथे नजर पोचत नाही, तिथे हा फरक हाताला लगेच जाणवतो. ११/१२ दाढेच्या पुढच्या बाजूसाठी, १३/१४ मागच्या. ११/१२ने मागची बाजू करायला गेलं की मनगट वाकडं होतं, कोन बिघडतो आणि राहिलेल्या कीटणावरून आपण पुढे जातो.

एवढं मात्र मान्य: सगळा संच लागत नाही. ५/६, ७/८, ११/१२ आणि १३/१४ एवढ्यांवर बहुतेक तोंडं होतात.

सिकल उत्तम अवजार आहे, पण हिरडीच्या वर. त्रिकोणी छेद आणि टोकदार शेवट यांमुळे तो खोल घातला तर हिरडी फाडतो.

मशीनबद्दल माझं भांडण नाही. ते वेगवान आहे, हात कमी दमतो आणि एकूण परिणाम हाताच्या कामाच्या तोडीचा मिळतो. दाढेच्या मुळांमधल्या फटीत तर बारीक अल्ट्रासॉनिक टिपच सरस ठरते, कारण पहिल्या दाढांच्या निम्म्याहून अधिक फटींचं तोंड ०.७५ मिमी किंवा त्याहून अरुंद असतं आणि नेहमीच्या क्युरेटचं ब्लेड बहुधा त्याहून रुंद. पण थरथरणारी टिप मुळाचा पोत हाताला सांगत नाही, क्युरेट सांगतं. मशीनच्या पाण्याचे तुषार हवेत उडतात, हाताच्या अवजाराने तेवढे उडत नाहीत. जुन्या धाटणीचा पेसमेकर असलेल्यांवर मॅग्नेटोस्ट्रिक्टिव्ह (चुंबकीय क्षेत्राने टिप थरथरवणारं) मशीन वापरताना सावधगिरी लागतेच. इम्प्लांटवर (हाडात बसवलेल्या कृत्रिम दातावर) तर मशीनची साधी धातूची टिप नको आणि स्टीलचं क्युरेटही नको, दोन्हींनी टायटॅनियमवर ओरखडे उठतात. तिथे प्लास्टिकचं किंवा टायटॅनियमचं अवजार वेगळं ठेवावं.

खरेदी करताना बारीक हँडल टाळा. साधारण १० मिमी जाड आणि १५ ग्रॅमपर्यंत वजनाचं हँडल चिमटीवर कमी ताण आणतं. ५ मिमीहून खोल पॉकेट असणारे पेशंट जास्त येत असतील, तर नेहमीपेक्षा ३ मिमी जास्त लांब शँकची ग्रेसी घ्या. त्याच ऑर्डरमध्ये धार लावायचा दगडही मागवा.