अर्धा झगा, पूर्ण गारठा

जर्मनीतल्या माझ्या हालांची सुरुवात चीजच्या एका डबीपासून झाली.

2023 चा ऑक्टोबर. मी आणि सौ. डुसेलडॉर्फला लेकीकडे गेलो होतो. एका सकाळी लेक म्हणाली, "बाबा, हे एवढं चीज संपवा ना. डबी हवीय मला." कामाँबेर नावाचं चीज. गोल, पांढरं, बाहेरून मऊ आणि आतून वाहतं. वास म्हणाल तर श्रावणात तीन दिवस न वाळलेल्या मोज्यांचा. जावईबापूंना ऑफिसची घाई, सौ.चा सोमवार, आणि चार वर्षांच्या चिऊने सरळ नाक धरलं. उरलो मी. दोन दिवस पोळीत गुंडाळून, वर लसणाची चटणी भुरभुरून ते पोटात ढकललं, तेव्हा कुठे डबी मोकळी झाली.

डबी कशाला, तर कंदिलाचं बूड करायला. 11 नोव्हेंबर हा सेंट मार्टिनचा दिवस. ऱ्हाइनकाठच्या या मुलखात त्या सुमाराला बालवाडीतली पोरं अंधार पडला की हातात कागदी कंदील घेऊन, गाणी म्हणत रस्त्यातून मिरवत जातात. पूर्वी सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे म्हणे. आता चीजच्या डबीवर रंगीत कागदाची गुंडाळी उभी करतात.

कंदील म्हटल्यावर माझे कान टवकारले. नाशिकला आमच्या वाड्यातला आकाशकंदील 40 वर्षं मी केला आहे. शिवाय नोकरी वीज मंडळात. म्हणजे कागद, कामट्या आणि करंट या तिन्ही विषयांत आपला अधिकार. दिवाळी इथेच होणार म्हणून पतंगाचा कागद मी बॅगेत तळाशी, धोतराच्या घडीत घालून आणलाच होता. योग असा, की बालवाडीची मिरवणूक 10 नोव्हेंबरला, शुक्रवारी; आणि त्याच दिवशी आमची धनत्रयोदशी.

त्याआधी एका संध्याकाळी पालकांनी बालवाडीत जमून कंदील करायचे होते. लेकीची फोनवर मीटिंग होती, म्हणून तिने मला पुढे केलं आणि स्वतः फोन कानाला लावून, मधूनमधून माझं दुभाष्याचं काम करत कोपऱ्यात बसली. बसायला पोरांच्याच खुर्च्या. गुडघे हनुवटीला लागलेल्या अवस्थेत पंधरा-वीस प्रौढ जर्मन गंभीरपणे कात्री चालवत होते. यंदा सगळ्यांचा कोल्हा ठरला होता. माझा कोल्हा मुंगसाकडे झुकला. बाईंनी तो उचलून, उजेडात धरून बराच वेळ काहीतरी सांगितलं. मी लेकीकडे पाहिलं. ती म्हणाली, "छान झालाय म्हणतायत." वाक्य बरंच लांब होतं.

घरी आल्यावर मी जाहीर केलं, की डब्याला कंदील म्हणत नाहीत. कबाबच्या बांबूच्या काड्या आणल्या, दोऱ्याने सांगाडा बांधला, लाल-हिरवा पतंगाचा कागद ताणून चिकटवला आणि खाली झिरमिळ्या सोडल्या. अस्सल आकाशकंदील! चिऊ कोल्हा नेणार आणि मी तिच्याशेजारून हा. सौ. म्हणाली, "अहो, हा टांगायचा असतो. हिंडवायचा नसतो." मी लक्ष दिलं नाही.

10 तारखेला पावणेपाचच्या सुमाराला सूर्य मावळला. मावळला म्हणजे, तो आहे असा सकाळपासून जो नुसता संशय होता तो फिटला. सहा अंश तापमान, वर बारीक पाऊस. कार्यक्रम रद्द होईल अशा आशेने मी लेकीकडे पाहिलं. तिने या लोकांचं आवडतं वचन ऐकवलं: वाईट हवा नसते, वाईट कपडे असतात. माझे कपडे त्या व्याख्येत चपखल बसत होते. दोन स्वेटर, वर सौ.ची जुनी शाल, डोक्याला माकडटोपी आणि जावयाचे बूट. बूट दोन नंबरांनी मोठे.

बालवाडीच्या अंगणात पोहोचलो आणि माझा कंदील लागेना. इथे कंदिलाला एक प्लास्टिकची काठी मिळते. मुठीत दोन सेल, बाजूला बटण आणि टोकाशी तारेला लोंबणारा ज्वारीएवढा दिवा. मी सेल काढले, पुसले, उलटे घातले, सुलटे घातले. 34 वर्षं ज्याने अख्ख्या तालुक्यातले फॉल्ट शोधले, त्याला तीन व्होल्टचा फॉल्ट सापडेना. आजूबाजूला निम्मे बाप तेच करत होते. शेवटी एका बाईने माझ्या हातातून काठी घेतली, तळहातावर दोनदा फाडफाड आपटली आणि परत दिली. दिवा लागला. टीव्हीचा रिमोट आम्ही वर्षानुवर्षं याच शास्त्राने चालवतो, तरी वेळेवर सुचलं नाही!

मिरवणूक निघाली. पुढे घोड्यावर लाल झगा आणि रोमन शिरस्त्राण घातलेला मार्टिन (जवळून पाहिल्यावर ती शेजारच्या तबेल्यातली मुलगी निघाली), मागे पिपाण्या-ढोलवाले, बाजूने मशाली घेतलेले अग्निशमन दलाचे स्वयंसेवक, आणि सर्वांत मागे फावडं आणि ढकलगाडी घेतलेला एक गृहस्थ. तो कशासाठी, हे घोड्याने लवकरच स्पष्ट केलं. त्या समारंभाला पोरांची जेवढी गर्दी झाली तेवढी मार्टिनलाही नव्हती.

चालता चालता लेकीने मार्टिनची गोष्ट सांगितली. चौथ्या शतकातला रोमन शिपाई. जन्म आजच्या हंगेरीतला, नेमणूक फ्रान्समधल्या आमियाँला. ऐन थंडीत वेशीपाशी एक उघडा भिकारी कुडकुडताना दिसला. मार्टिनने तलवारीने आपला झगा मधोमध कापला आणि अर्धा त्याला दिला.

"अर्धा कशाला?" सौ. म्हणाली. "पुरता द्यायचा. आता दोघंही कुडकुडणार."

"सरकारी माल होता तो," मी म्हणालो. "निम्मा तरी हिशेबाला दाखवावा लागला असेल."

पुढे लोकांनी त्याला तूर शहराचा बिशप करायचं ठरवलं, तर तो नको म्हणून बदकासारख्या मोठ्या हंसांच्या खुराड्यात जाऊन लपला. हंसांनी कलकलाट करून त्याला पकडून दिलं. त्याचा राग इथले लोक दर नोव्हेंबरात लाल कोबीसोबत हंस भाजून काढतात. पद मिळणार म्हणून लपणारा माणूस मी प्रथमच ऐकला. आमच्याकडे लपतात, पण ते पद मिळावं म्हणून, आणि तेही रिसॉर्टमध्ये. मार्टिन 397 साली गेला आणि 11 नोव्हेंबरला त्याला पुरलं, म्हणून हा दिवस.

गाण्यांचं म्हणाल तर पुढची पोरं वाजंत्र्यांबरोबर एक गाणं म्हणत होती आणि मागे ऐकू न आल्याने आम्ही दुसरंच. माझं काही अडलं नाही. ज्याला आरतीचं तिसरं कडवं नुसत्या हुंकारांवर निभावता येतं, त्याला जगात कुठलंही गाणं येतं.

पाचव्या मिनिटाला चिऊचे हात दुखले. कोल्हाही माझ्याकडे आला. एका हातात मुंगूस, दुसऱ्या हातात आकाशकंदील, दोन्ही हात वर. इतक्यात मानेवर काहीतरी गार ओघळलं. पतंगाचा कागद पावसात काय करतो, हे मला 40 वर्षांत कळायचं कारणच नव्हतं. आमचा कंदील गॅलरीत पत्र्याखाली असायचा. लाल रंग शालीवर उतरला, हिरवा माकडटोपीवर. झिरमिळ्या एकेक करून गळाल्या आणि खांद्याला चिकटल्या. चीजच्या डबीवरचा मुंगूस मात्र ठणठणीत. सौ. काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा जास्त ऐकू येतं.

मिरवणूक शाळेच्या मैदानात पोहोचली. मधोमध मोठी शेकोटी. जावई कपात गरम सरबत आणायला गेला (कप घरूनच न्यायचे असतात), चिऊ वेकमानच्या रांगेत. वेकमान म्हणजे गोड पावाचा माणूस. बेदाण्यांचे डोळे आणि छातीशी मातीचा छोटा पांढरा पाईप. माझे पाय बुटांच्या आत कुठेतरी हरवले होते. शेकोटीपाशी एक ओंडका दिसला, त्यावर जाऊन टेकलो. शाल लपेटली, हात पुढे केले आणि दात वाजवत बसलो.

समोर पाच-सहा वर्षांचा एक मुलगा येऊन उभा राहिला. माझ्या ओघळलेल्या टोपीकडे पाहिलं, शालीला चिकटलेल्या चिंध्यांकडे पाहिलं. मग मागे आईकडे पाहिलं. आईचं लक्ष नव्हतं. त्याने आपला वेकमान कमरेत मोडला आणि अर्धा माझ्या पसरलेल्या हातात ठेवला.

मला जर्मनमधला एकच शब्द येतो. मी "डांके" म्हणालो.

तेवढ्यात घोडा आला. शेकोटीच्या पलीकडे गोणपाट पांघरून बसलेला एक तरुण घाईघाईने उठला आणि माझ्याकडे असा पाहू लागला, जसा रिझर्व्हेशनवाला आपल्या बर्थवर बसलेल्याकडे पाहतो. तेव्हा मला कळलं, की अधिकृत भिकारी तो होता. मी ओंडका सोडून बाजूला झालो. पाव सोडला नाही.

चिऊ धावत आली. रांगेत तिचा नंबर येईपर्यंत पाईपवाले वेकमान संपले होते. तिने माझ्या हातातले दोन गोड पाय उलटेपालटे करून पाहिले.

"आजोबा, याचा पाईप कुठंय?"

"तो वरच्या अर्ध्यात गेला," मी म्हणालो.