एका फूटपट्टीचं अंतर

आज लेकीच्या शाळेत प्रकल्पांचं प्रदर्शन होतं. घरी आल्यापासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

तिचं मॉडेल मागच्या बाकावर भिंतीला टेकवून ठेवलेलं. पुढच्या टेबलांवर विकतच्या सूर्यमाला, थर्माकोलचे चकचकीत गोळे, गुरू आणि पृथ्वी जवळपास एकाच मापाचे! आणि परीक्षक बाई तिला म्हणतात, "चंद्र एवढा लांब का लावलास? जवळ घे, सुटसुटीत दिसेल."

अहो, तो असतोच तिथे! पृथ्वी 1 सेंटीमीटरची धरली तर चंद्र 30 सेंटीमीटरवर येतो. अख्खी फूटपट्टी! लेकीनं स्वतः काढलंय ते. 3,84,000 किलोमीटर भागिले पृथ्वीचा व्यास, साधारण 12,700. भागाकार दोनदा चुकला, तिसऱ्यांदा 30 आले तेव्हा कुठे तिनं डिंकाची बाटली उघडली. तुटलेल्या माळेतला मणी म्हणजे पृथ्वी, मोहरीचा जाडसर दाणा म्हणजे चंद्र, दोघं फूटपट्टीच्या दोन टोकांना. रद्दीच्या लगद्याचा 11 सेंटीमीटरचा गुरू दोन दिवस वाळत होता, तरी एका बाजूनं चेपलाच. चेपू दे. माप बरोबर आहे त्याचं.

मान्य, सगळ्या आईबापांना वेळ नसतो. आदल्या संध्याकाळी प्रकल्प कळला तर माणूस विकतच आणणार. पण मूल झोपलंय आणि बाबा रात्री एक वाजता गुरूवर पट्टे रंगवतायत, तर तो प्रकल्प कुणाचा? आणि त्यालाच पुढचं टेबल?

सूर्याचं तर कुणी विचारलंही नाही. याच मापात तो 109 सेंटीमीटरचा होतो, घरात एवढा गोळा कुठून आणायचा? मग जुन्या चादरीवर सुतळी धरून खडूनं वर्तुळ काढलं, पिवळं रंगवलं आणि रविवारी सकाळी मी ती चादर धरून रस्त्याच्या टोकाला उभी राहिले. लेक मणी मुठीत घेऊन पावलं मोजत गेली, साधारण 117 मीटर. तिथून हात लांब करून करंगळीच्या नखाआड तिनं चादर झाकली आणि ओरडली, "आई, खऱ्या सूर्याएवढाच दिसतोय!" ती धावत परत आली तेव्हा घामानं मणी हाताला चिकटला होता. हे कुठल्या खोक्यात मिळतं, सांगा मला.

आता लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. बाईंनाही पन्नास प्रकल्प बघायचे होते, दमल्या असतील. पण दोन मिनिटं थांबून "का गं, लांब का?" एवढं खरंच विचारलं असतं, उत्तरासाठी, तर लेकीनं तो भागाकार तिथेच करून दाखवला असता. ती फक्त म्हणाली, "मोजलंय बाई." आणि चंद्र जवळ घेतला नाही.

उद्या भूमितीच्या तासाला फूटपट्टी लागणार आहे. मी म्हटलं, आण, दाणा खरवडून देते.

"नको," म्हणाली, "मला दुसरी दे."