एका तपाची गळती

माझ्या मुलाचा जन्म जून २०१३ मधला. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी सर ॲलेक्स फर्ग्युसन मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या व्यवस्थापकपदावरून निवृत्त झाले आणि जाता जाता क्लबच्या पदरात विसावे लीग-विजेतेपद टाकून गेले. मुलगा आता बारा वर्षांचा, म्हणजे बरोबर एका तपाचा झाला असून, युनायटेडने लीग जिंकल्याचे त्याने उभ्या आयुष्यात एकदाही पाहिलेले नाही. मी "आमच्या वेळी" अशी सुरुवात केली की तो माझ्याकडे ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने मी माझ्या आजोबांकडे पाहत असे, जेव्हा ते शेरभर तुपाचा जुना भाव सांगत. एवढ्यावर थांबते तरी चालले असते. पण हा मुलगा त्याच शहरातल्या प्रतिस्पर्धी मँचेस्टर सिटीचा चाहता निघाला. त्याच्या बारा वर्षांत सिटीने सात वेळा लीग जिंकली. बिभीषणाबद्दल रावणाला नेमके काय वाटले असेल, हे मला अलीकडे फार जवळून समजू लागले आहे.

माझ्या या व्याधीचा उगम मात्र अगदी तारखेनिशी सांगता येतो. २६ मे १९९९. दहावीची परीक्षा देऊन मी निकालाची वाट पाहत डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत बसलो होतो. त्या दिवशी टॉन्टनला विश्वचषकात भारत आणि श्रीलंका यांचा सामना होता. गांगुलीने १८३ आणि द्रविडने १४५ धावा काढल्या आणि सगळा मजला तृप्त होऊन रात्री झोपी गेला. टीव्ही बंद करण्याचे काम माझ्याकडे होते, ते मी केले नाही. आवाज बंद करून वाहिन्या चाळताना बार्सिलोनात चाललेला चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेचा, अंतिम सामना लागला. बायर्न म्युनिक एका गोलने पुढे होते, नव्वद मिनिटे संपली होती आणि त्यानंतरच्या वाढीव वेळेत लाल कपड्यांतल्या युनायटेडच्या लोकांनी दोन गोल केले. मी किंचाळलो. बाबा झोपेतून दचकून उठले आणि "काय रे, गांगुली गेला?" असे विचारून पुन्हा कलंडले. त्या रात्री माझी अशी प्रामाणिक समजूत झाली की हा क्लब शेवटच्या क्षणी नेहमीच जिंकतो. या गैरसमजावर मी आजवर सव्वीस वर्षे काढली आहेत.

शिवाय हा क्लब १८७८ मध्ये न्यूटन हीथच्या रेल्वे कामगारांनी काढला, असे नंतर वाचनात आले. सकाळच्या जलद लोकलमध्ये ज्याची हाडे घडली, त्या डोंबिवलीकराला यापेक्षा अधिक नाते कोणते हवे?

पुढे २००५ मध्ये अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबाने हा क्लब सुमारे ७९ कोटी पौंडांना विकत घेतला. या खरेदीची गंमत मी नातेवाइकांना अनेक लग्नकार्यांतून समजावून सांगितली आहे. या रकमेतला मोठा भाग कर्जाऊ होता आणि ते कर्ज ग्लेझरांनी खरेदी केलेल्या क्लबच्याच डोक्यावर चढवले. म्हणजे वरात नवरदेवाची, घोडा उधारीचा आणि चंदीचे बिल मात्र वाजंत्रीवाल्यांच्या नावावर. तोवर जो क्लब कर्जमुक्त होता, तो तेव्हापासून व्याज भरतो आहे, आणि पुढे बरीच वर्षे मालकांना लाभांशही देत आला. रागावलेल्या काही स्थानिक चाहत्यांनी त्याच वर्षी 'एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर' असा वेगळा क्लब काढला. तिथे प्रत्येक सभासदाला एक मत असते. म्हणजे शब्दशः आपली सहकारी गृहनिर्माण सोसायटी. तिकडे निष्ठा वळवण्याचा विचार माझ्याही मनात डोकावून गेला होता. परंतु मी गेली चार वर्षे आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, आणि एक सभासद एक मत या तत्त्वावर चालणारी कोणतीही गोष्ट आठवड्याच्या सुट्टीत पाहण्याची माझ्या अंगात ताकद उरलेली नाही.

ही सेक्रेटरीपदाची गोष्ट खरे तर मी लपवणार होतो, पण तिच्याशिवाय पुढचे सांगता येणार नाही.

फर्ग्युसन गेल्यावर डेव्हिड मॉयस आले. त्यांना सहा वर्षांचा करार देण्यात आला आणि दहा महिन्यांत निरोपही देण्यात आला. लुई व्हॅन हाल यांनी एफए कप जिंकला आणि दोनच दिवसांत त्यांना घरी पाठवण्यात आले. मोरिन्यो यांच्याबद्दल मी काही लिहीत नाही, कारण त्या काळात रक्तदाबाची गोळी सुरू झाली. त्यानंतर आले ओले गुन्नार सोल्शायर, म्हणजे १९९९ च्या त्या रात्रीचा दुसरा गोल करणारा माणूस! ज्याच्यामुळे मी या नादाला लागलो, त्याच्यावरच टीका करण्याची वेळ आली तेव्हा मला स्वतःचीच शरम वाटली; मी ती टीका केली, पण हळू आवाजात. मग टेन हाग. जुलै २०२४ मध्ये क्लबने त्यांच्या कराराची मुदत वाढवली आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना काढून टाकले. त्याच सुमारास दुसऱ्या क्लबकडून महिनोन्महिने वाटाघाटी करून आणलेले क्रीडा संचालक पाच महिन्यांत बाहेर पडले. आमच्या इमारतीत लिफ्टच्या देखभालीचा ठेकेदारसुद्धा यापेक्षा जास्त टिकतो, आणि तो लिफ्ट दुरुस्त करत नाही.

या प्रत्येक व्यवस्थापकाच्या वेळी मी घरात एकच वाक्य बोललो आहे: "याला वेळ द्यायला हवा." पहिले सहा महिने हे वाक्य मी आत्मविश्वासाने म्हणतो, पुढचे सहा महिने हट्टाने, आणि त्यानंतर माझ्याऐवजी बायको म्हणते, तेही वेगळ्या सुरात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सर जिम रॅटक्लिफ यांनी क्लबचा चौथा हिस्सा आणि थोडे वर असे विकत घेऊन खेळाचा कारभार हाती घेतला, तेव्हा मी पेढे आणले होते. हा माणूस मूळचा तिकडचाच, लहानपणापासून क्लबचा चाहता. आता घरचा माणूस घर सावरील, असा हिशेब. घरच्या माणसाने प्रथम अडीचशे नोकऱ्या कमी केल्या, मग आणखी दीडशे-दोनशे कमी करण्याचे जाहीर केले. फर्ग्युसन यांना क्लबचा दूत म्हणून मिळणारे मानधन बंद केले. आणि शेवटी कर्मचाऱ्यांचे मोफत दुपारचे जेवण बंद करून त्याऐवजी फळे ठेवली. हे वाचून मी जेवणाच्या टेबलावर कडाडलो की कोट्यवधी पौंड चुकीच्या खेळाडूंवर उधळायचे आणि काटकसर कोणाच्या ताटात, तर ज्यांचा यात काडीचा दोष नाही त्यांच्या! ही कसली माणसे, हा कसला कारभार!

बायकोने शांतपणे आमटी वाढली आणि म्हणाली, "वॉचमनचा संध्याकाळचा चहा कोणी बंद केला रे?"

तो चहा मी बंद केला होता. महिना साडेचारशे रुपये. अंदाजपत्रकात तूट दिसत होती आणि कुठून तरी सुरुवात करणे आवश्यक होते. त्याच महिन्यात प्रवेशद्वारापाशी आम्ही ग्रॅनाइटची नवी नामफलक-भिंत उभी केली होती, या बाबीचा त्या चर्चेशी काहीही संबंध नाही, असे मी बायकोला सांगितले. चहा दुसऱ्या दिवशी पूर्ववत सुरू झाला. रॅटक्लिफ यांच्या घरी आमटी वाढणारे कोणी नसावे.

परंतु खरा नाजूक विषय छपराचा आहे. मे २०२४ मध्ये आर्सेनलकडून घरच्या मैदानावर हरल्यानंतर ओल्ड ट्रॅफर्डवर मुसळधार पाऊस आला आणि स्टँडच्या छपरातून अक्षरशः धबधबा कोसळू लागला. १९१० पासूनचे ते मैदान, आणि तिथे माणसे कोरडी जागा शोधत पळत आहेत, अशी चित्रफीत जगभर फिरली. मी ती सोसायटीच्या समूहावर चुकून पाठवली. चुकून अशासाठी की तो मजकूर शाळेतल्या मित्रांसाठी होता आणि त्याखाली मी लिहिले होते: "ज्यांना डोक्यावरचे छप्पर सांभाळता येत नाही, त्यांनी खुर्च्या सोडाव्यात." चौथ्या मजल्यावरच्या काकूंचे उत्तर अर्ध्या मिनिटात आले. त्यांनी फक्त आपल्या बेडरूमच्या छताचा फोटो पाठवला होता. ओल धरलेल्या त्या छतावर बुरशीने जो आकार काढला होता, तो नकाशावरच्या इंग्लंडसारखा दिसत होता, आणि मधोमध, साधारण मँचेस्टर असते तिथून, थेंब लोंबत होता.

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय तेव्हा तिसऱ्या पावसाळ्यात प्रवेश करत होता. मी काकूंना नम्रपणे कळवले की प्रक्रिया सुरू आहे, तीन कोटेशने मागवली आहेत, आधीच्या समितीने सिंकिंग फंड रिकामा करून ठेवल्यामुळे विलंब होत असून काम टप्प्याटप्प्याने हाती घेतले जाईल. मजकूर पाठवल्यावर मी तो पुन्हा वाचला, आणि क्लबच्या संकेतस्थळावर चाहत्यांसाठी जी पत्रे येतात, त्यांतल्या एखाद्याचा हा अनुवाद तर नव्हे, अशी मला शंका आली.

मार्च २०२५ मध्ये क्लबने एक लाख आसनांच्या नव्या मैदानाचा आराखडा जाहीर केला. खर्च सुमारे दोन अब्ज पौंड, आणि वर भलीमोठी छत्री. वास्तुरचनाकार त्या आच्छादनाला छत्रीच म्हणतात. छप्पर गळते म्हणून छत्री उघडणारी संस्था मी आयुष्यात एकच पाहिली होती, आणि तिचा सेक्रेटरी मी होतो. आम्ही गच्चीवर ताडपत्री अंथरली. ती बाजारात निळ्याच, म्हणजे सिटीच्याच, रंगाची मिळते. मुलाने गच्चीवर जाऊन तिच्यासोबत स्वतःचा फोटो काढला.

त्या मोसमात संघ वीस संघांत पंधरावा आला. अडतीस सामन्यांत अठरा पराभव. १९७४ मध्ये क्लब खालच्या श्रेणीत घसरला होता, त्यानंतरची ही सर्वांत वाईट अवस्था. एक आशा उरली होती, ती बिल्बाओतल्या युरोपा लीगच्या, म्हणजे युरोपातल्या दुय्यम क्लब-स्पर्धेच्या, अंतिम सामन्याची. प्रतिस्पर्धी टॉटनहॅम, जे लीगमध्ये आमच्याही खाली, सतराव्या स्थानी होते. रात्री साडेबारापासून पहाटेपर्यंत डोळे ताणून मी एक-शून्य असा पराभव पाहिला. त्यानंतर आठवड्याने क्लब पैसे कमावण्यासाठी मलेशियात प्रदर्शनीय सामना खेळायला गेला आणि आग्नेय आशियातल्या निवडक खेळाडूंच्या संघाकडून तिथेही हरला. मी तोही पाहिला. का पाहिला, हे मला विचारू नये.

आणि मग आली २७ ऑगस्टची रात्र. त्या दिवशी गणेशचतुर्थी होती. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो आणि रात्री समईची वात सांभाळायला कोणीतरी हॉलमध्ये झोपावे लागते. एरवी या कामावरून घरात टोलवाटोलवी होते. त्या रात्री मी आपण होऊन सतरंजी अंथरली, तेव्हा आईला भरून आले. साडेबारा वाजता कानात हेडफोन घालून मी मोबाइल उशीला टेकवला. लीग कपच्या दुसऱ्या फेरीत समोर ग्रिम्सबी टाउन होते, चौथ्या श्रेणीतला संघ. ग्रिम्सबी हे मासेमारीचे बंदर, त्यामुळे तिथले चाहते हवा भरलेले हॅडॉक मासे हातात नाचवतात. श्रावण नुकताच पाळून झाला असता, चतुर्थीच्या रात्री, साक्षात बाप्पासमोर हे मासे नकोत म्हणून मी पडद्यावर उपरण्याचे टोक धरत होतो. अर्ध्या तासात आमच्यावर दोन गोल झाले. पावसात आमचे तेव्हाचे व्यवस्थापक अमोरिम डगआउटमध्ये बसून हातातल्या पाटीवरच्या सोंगट्या इकडून तिकडे सरकवत होते; मी वॉटरप्रूफिंगची तीन कोटेशने अशीच सरकवतो.

शेवटी कशीबशी दोन-दोन अशी बरोबरी झाली आणि पेनल्टी सुरू झाल्या. त्या संपेनात. मी समईत दोनदा तेल घातले. गोलरक्षकानेसुद्धा पेनल्टी मारली, आणि ती गेली! पण त्याच उन्हाळ्यात ज्या दोन खेळाडूंवर मिळून साडेबारा कोटी पौंडांहून अधिक खर्च झाला होता, त्या दोघांच्याच पेनल्टी हुकल्या. बारा-अकरा. मी पाट सरकवला, बाप्पाकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर कसलेही आश्चर्य नव्हते.

सकाळी आई बाहेर आली तेव्हा मी तसाच मांडी घालून बसलो होतो, डोळे जास्वंदीसारखे लाल. तिला जे वाटायचे ते वाटले, आणि मी ते दुरुस्त केले नाही. दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत राहिली की मुलाने रात्रभर पापणी लवू दिली नाही, समई एकदाही शांत होऊ दिली नाही. साडेदहाच्या सुमारास चौथ्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले, माझ्या डोळ्यांकडे निरखून पाहिले, आणि त्यांचा सूर एकाएकी मऊ झाला.

"गच्चीची काळजी जिवाला लावून घेतलीत हो तुम्ही," त्या म्हणाल्या. "इतकं मनावर घेऊ नका. होईल दिवाळीपर्यंत. मीच सांगते सगळ्यांना, की सेक्रेटरींना वेळ द्यायला हवा."

आईने मला सर्वांत मोठा मोदक वाढला. मी मान खाली घालून तो खाऊ लागलो. शेजारी बसलेला मुलगा तूप ओतता ओतता माझ्या कानाशी पुटपुटला, "बारा-अकरा, बाबा."