शांतिसेना गेली की अत्याचार थांबतो, असं कुणी सांगितलं?

परवा भाचीने एक मजकूर पाठवला आणि खाली विचारलं, ‘मावशी, निबंधात हे घातलं तर चालेल ना?’ हा मजकूर गेले काही आठवडे या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. माझ्याकडेही दोनदा आला होता आणि मी सोडून दिला होता. पण एकोणीस वर्षांची मुलगी तो खरा मानून निबंधात उतरवायला बसली म्हटल्यावर मला गप्प बसवेना.

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेना एकेका देशातून निघताहेत, ही तिथल्या बायकांसाठी आनंदाची बातमी आहे. कारण एक, अत्याचार करणारे हेच सैनिक होते, ते गेले की अत्याचारही थांबेल. दोन, बायकांचं रक्षण हे तिथल्या सरकारचं काम, परक्यांचं नाही. तीन, महिला सक्षमीकरण म्हणजे नुसत्या कार्यशाळा आणि फोटो. चार, लायबेरियातून सेना गेली, काही बिघडलं नाही. पाच, हा सगळा पैशांचा चुराडा. शेवटी अर्थातच ‘सत्य पुढे पाठवा’.

पहिल्या मुद्द्यावर मी जास्त बोलणार आहे. त्यात एक खरी गोष्ट आहे आणि तिच्या आडून सगळ्यात घातक निष्कर्ष काढलाय.

खरी गोष्ट जिवावर येऊन कबूल करते. शांतिसैनिकांनी बायका-मुलींवर अत्याचार केले आहेत, आणि एकदोनदा नव्हे. हैतीतून 2007 मध्ये श्रीलंकेच्या शंभराहून जास्त सैनिकांना याच कारणाने परत पाठवावं लागलं. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातून 2021 मध्ये गॅबनची सगळी तुकडी, सुमारे साडेचारशे माणसं, माघारी धाडली गेली. ज्याच्यावर विश्वास टाकायचा त्यानेच घात केला. याचा बचाव मी करणार नाही.

पण म्हणून सेना निघून गेल्याने त्या बायका सुटल्या का? हैतीतली मोहीम 15 ऑक्टोबर 2017 ला बंद झाली. ज्यांच्या पदरात सैनिकांपासून झालेली मुलं होती, त्या आयांचं काय झालं? बाप त्याच्या देशात निघून गेला. पितृत्व सिद्ध करायला त्याचा डीएनए नमुना हवा, त्यासाठी त्याच्या सरकारच्या मागे लागायला हवं, आणि तक्रार जिथे करायची ते मोहिमेचं कार्यालयच उठलं. त्याच वर्षाअखेरीस काही हैतियन आयांना आपल्याच देशातल्या न्यायालयात दावे लावावे लागले. सेना गेल्याने गुन्हेगार पोचेबाहेर गेला, बाई होती तिथेच राहिली. मजकूर लिहिणाऱ्याला या बायकांचा खरंच कळवळा असता, तर त्याने ‘दावे निकाली लागेपर्यंत कार्यालय हलवू नका’ असं लिहिलं असतं.

आणि ‘अत्याचार करणारे हेच’ यातला ‘हेच’ तर धादांत खोटा आहे. सुदानच्या पश्चिमेचा दारफूर प्रांत घ्या. तिथल्या छावण्यांतल्या बायकांना सरपणासाठी बाहेर जावं लागे, आणि त्याच वाटांवर हत्यारबंद टोळ्या त्यांना गाठत. पुरुष गेला तर मारला जाईल आणि बाई गेली तर ‘फक्त’ बलात्कार होईल, असा भयंकर हिशेब करून घरातून बाईला पाठवलं जाई. म्हणून शांतिसेनेची गस्त सरपणाला निघालेल्या बायकांसोबत जायची. ती रोज जायची नाही आणि सगळीकडे पोचायची नाही, हेही खरं. पण ज्या दिवशी ती असायची, त्या दिवशी बाई मोळी घेऊन सुखरूप परत यायची. 31 डिसेंबर 2020 ला मोहिमेची मुदत संपली. त्या आधी न्याला शहराजवळच्या काल्मा छावणीतल्या विस्थापितांनी ‘जाऊ नका’ म्हणून धरणं धरलं होतं. ज्यांना सेना जाणं ही ‘आनंदाची बातमी’ असल्याचं आपल्याला सांगितलं जातंय, तीच ही माणसं.

पुढे काय झालं? तीन आठवड्यांच्या आत, जानेवारी 2021 मध्ये, दारफूरमधल्याच अल-जिनेना शहरातल्या विस्थापितांच्या छावणीवर हल्ला झाला, शंभरावर माणसं मेली. त्या शहरातला तळ तर मोहिमेने आधीच, 2019 मध्ये, सोडला होता. एप्रिल 2023 मध्ये सुदानमध्ये युद्ध पेटलं. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने 2024 मध्ये लिहून ठेवलं की आरएसएफ या निमलष्करी दलाने मोठ्या प्रमाणावर लैंगिक अत्याचार केले. ऑक्टोबर 2025 मध्ये दारफूरमधलं अल-फाशेर शहरही त्यांच्या हाती पडलं. शांतिसेना गेली म्हणून युद्ध झालं असं मी म्हणत नाही, युद्धाची कारणं खार्तूममधल्या दोन सेनापतींच्या भांडणात आहेत. पण सेना गेली की अत्याचार थांबतो, हे वाक्य दारफूरच्या बाईसमोर उभं राहून म्हणून दाखवावं.

दुसरा मुद्दा, रक्षण हे सरकारचं काम. बरोबर, आहेच. यजमान देशाच्या संमतीवाचून मोहीम टिकत नाही. मालीच्या सरकारने जून 2023 मध्ये ‘निघा’ म्हटलं आणि दहा वर्षांची मोहीम सहा महिन्यांत गुंडाळली गेली. पण दारफूरमध्येही सुदान सरकारने नागरिकांच्या रक्षणाची योजना लेखी दिली होतीच. योजना कागदावर राहिली तर सरपणाच्या वाटेवर कोण उभं राहणार? काम सरकारचं असेल, तर ते सरकारने घेतलं का, हे बघूनच हात सोडायचा असतो.

हे माझ्या मनातलं नाही. सुरक्षा परिषदेचा ठराव 2594 वाचा. सप्टेंबर 2021 मध्ये तो एकमताने मंजूर झाला, आणि त्याचा विषयच मुळी शांतिसेनांचं निघणं हा आहे. नागरिकांचं रक्षण, बायकांचा पूर्ण आणि बरोबरीचा सहभाग, स्त्री-पुरुषांच्या परिस्थितीचं वेगवेगळं विश्लेषण आणि त्यातले जाणकार, हे सगळं मोहिमेच्या आखणीपासून निरोपापर्यंत प्रत्येक टप्प्यावर असलं पाहिजे, असं त्यात आहे. म्हणजे तळाच्या किल्ल्या कुणाकडे द्यायच्या याच्या बरोबरीने, पीडितेची तक्रार उद्यापासून कोण लिहून घेणार हेही ठरलं पाहिजे. ठराव पाळला जातोच असं नाही, आणि राग यायचाच असेल तर त्याचा यावा.

तिसरा मुद्दा, कार्यशाळा आणि फोटो. कार्यशाळा फार होतात आणि त्यातल्या कित्येकींचा उपयोग शून्य, हे मान्य. पण काँगोच्या दक्षिण किवू प्रांतात काय झालं तेही सांगा. 2011 च्या पहिल्याच दिवशी फिझी गावात सैनिकांनी बायकांवर सामूहिक बलात्कार केले. जवळच्या बाराकात फिरतं लष्करी न्यायालय बसलं आणि फेब्रुवारीत एका लेफ्टनंट कर्नलला वीस वर्षांची शिक्षा झाली. त्याच प्रांतातल्या कावुमूत चाळीसच्या आसपास लहान मुलींवर अत्याचार झाले होते. डिसेंबर 2017 मध्ये त्या खटल्यात एका प्रांतिक आमदाराला जन्मठेप झाली. रस्ते नसलेल्या मुलखात न्यायाधीश, वकील आणि साक्षीदार एका जागी आणायचे, साक्ष देणाऱ्या बाईला सुखरूप घरी पोचवायचं, तर वाहनं लागतात आणि सोबत लागते. अशा खटल्यांत स्थानिक डॉक्टर आणि वकिलांच्या जोडीला मोहिमेची मदत असे. जून 2024 अखेर शांतिसेनेने दक्षिण किवू सोडलं. फेब्रुवारी 2025 मध्ये एम-23 बंडखोर बुकावूत शिरले. याच शहरात, बलात्कार झालेल्या बायकांवर उपचार करणारे नोबेल विजेते डॉ. डेनिस मुक्वेगे यांचं पांझी रुग्णालय आहे.

इथे कुणी म्हणेल, शेजारच्या उत्तर किवूतलं गोमा शहर जानेवारी 2025 मध्ये याच बंडखोरांच्या हाती पडलं तेव्हा शांतिसेना शहरातच होती, तरी तिथल्या तुरुंगातल्या शंभराहून जास्त बायकांवर बलात्कार झाले आणि बहुतेक जणी आगीत जळून मेल्या. हो. ते अपयश भयंकर आहे. पण असलेलं रक्षण अपुरं पडलं म्हणून तेही काढून घ्यावं, हा कुठला न्याय?

चौथा मुद्दा लायबेरियाचा, आणि तो तर मजकुरावरच उलटतो. तिथली मोहीम पंधरा वर्षं चालली, 2003 ते मार्च 2018, आणि टप्प्याटप्प्याने कमी झाली. सुरक्षेची जबाबदारी देशाच्या हाती दिली 2016 च्या जूनमध्ये, म्हणजे निघण्याच्या पावणेदोन वर्षं आधी. भारताची महिला पोलिसांची तुकडी 2007 पासून 2016 पर्यंत तिथे होती. त्या काळात लायबेरियाच्या सुरक्षा दलांत बायकांचं प्रमाण सहा टक्क्यांवरून सतरा टक्क्यांपर्यंत गेलं. लैंगिक गुन्ह्यांसाठी वेगळं न्यायालय 2008 मध्येच उभं राहिलं. बलात्कार तिथेही संपले नाहीत. पण तक्रार घ्यायला ठाण्यात बाई होती, कारण सेना निघण्याच्या कितीतरी आधी तिला भरती करून तयार केलं होतं.

पैशांबद्दल दोनच आकडे देते. 2024-25 मध्ये जगभरच्या सगळ्या शांतिमोहिमांचा मिळून खर्च सुमारे 560 कोटी डॉलर. 2024 मध्ये जगाने सैन्यांवर केलेला खर्च सुमारे 2 लाख 70 हजार कोटी डॉलर. चुराडा कुठे होतोय ते ज्याने त्याने बघावं. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये पैसे नाहीत म्हणून नऊ मोहिमांतले जवळजवळ पाव सैनिक आणि पोलीस कमी करायचं ठरलं. लेबनॉनमधल्या मोहिमेची मुदत 31 डिसेंबर 2026 ला संपतेय. तिथल्या गावांत बायकांच्या तक्रारी कोण घेणार हे आत्ताच, सैनिक तिथे असतानाच, ठरायला हवं.

भाचीने रात्री पुन्हा विचारलं, ‘मग पहिला परिच्छेद काढू?’ काढ म्हटलं, आणि त्या जागी काल्मातलं धरणं लिही. ठराव 2594 मी तिला पाठवलाय. तो वाचून झाला की उद्या फोन करणार आहे.