‘रणांगण’बद्दल एक खुलासा

पुण्यातल्या वाचकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय: ‘विश्राम बेडेकर दुसऱ्या महायुद्धात आघाडीवर लढले आणि परत आल्यावर त्यांनी रणांगण लिहिली.’ हे खरं नाही.

कादंबरी प्रसिद्ध झाली 1939 साली. महायुद्धाला तोंडच त्या वर्षी सप्टेंबरात फुटलं. बेडेकर सैनिक नव्हते, नाटक-सिनेमातले होते. आपल्या प्रभात फिल्म कंपनीच्या ‘रामशास्त्री’ या चित्रपटाच्या दिग्दर्शकांत त्यांचं नाव आहे.

मुळात या कादंबरीत लढाईच नाही. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, तिच्यावर नाझींच्या छळातून सुटलेले ज्यू. त्यांच्यातल्या हॅर्टावर, त्याच बोटीने मायदेशी परतणाऱ्या चक्रधरचा जीव जडतो. मुंबई आली की तो उतरतो, ती बोटीबरोबर पुढे जाते. त्याला घर आहे, देश आहे. तिला कुठलंच बंदर आपलं म्हणत नाही. युद्ध पेटण्याआधीच माणसं कशी उद्ध्वस्त होत होती, हे मराठीत इतक्या लवकर आणि इतक्या थोड्या पानांत कुणी लिहिलं, याचं मला फार मोल वाटतं. खोट्या शौर्यकथेमुळे नेमकं तेच झाकलं जातं. तो मजकूर कृपया पुढे पाठवू नका. अप्पा बळवंत चौकात पुस्तक मागा आणि वाचा.