डब्लिनचा पब आणि आमच्या देवळातला पेनड्राइव्ह

गणपतीच्या आधी लीड्सहून डब्लिनला जाऊन आलो, ऑफिसचं काम शुक्रवारचं होतं पण शनिवार जोडून घेतला, आणि नेमकं तेव्हाच आमच्या फॅमिली ग्रुपवर दरवर्षीचं भांडण पेटलेलं, डीजे की ढोलताशा. काका म्हणतात डीजेने संस्कृती बुडवली, पुण्यातला भाचा पथकात आहे तो म्हणतो आमच्यामुळे वाचली, तिसरा कोणीतरी २०२४ चं उकरून काढतो, हरित लवादाने एका पथकात ३० च माणसं म्हटलेलं आणि सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली ते. मी पडलो परदेशातला, आपल्या मताला किंमत निम्मी, म्हणून गप्प.

पहिल्या रात्री टेम्पल बारला गेलो, डब्लिनचा टुरिस्टांचा पबवाला भाग, सगळेच जातात. फसलो असं नाही म्हणणार, पण एक जण अँप्लिफायर लावून गिटारवर तीच ती गाणी म्हणतोय आणि समोर टुरिस्ट बेंबीच्या देठापासून ओरडतायत, म्हणजे आपल्याकडची वरातच की. दुसऱ्या दिवशी स्मिथफील्डला कॉबलस्टोनमध्ये गेलो. हा पब स्वतःची ओळखच अशी करून देतो की आम्ही दारूचा गुत्ता, फक्त संगीताचं दुखणं जडलंय.

स्टेज नाहीच. कोपऱ्यात सहा-सात माणसं टेबलाभोवती गोल बसलेली, माईक नाही, निम्म्यांची पाठ आपल्याकडे. फिडल म्हणजे व्हायोलिनच, लाकडी बासरी, कॉन्सर्टिना (हातात धरून दाबायची छोटी पेटी), एक इलन पाइप्स (आयरिश बॅगपाइप, कोपराने भाता दाबून हवा भरतात, फुंकायची भानगड नाही) आणि एकच बाउरॉन, म्हणजे बकऱ्याचं कातडं चढवलेला मोठा डफच, छोट्या काठीने वाजवतात. एकच का, तर शेजारचा म्हणाला दोन झाले की ताल भांडतात. आमच्या देवळात दुसरा पखवाज आला की हेच व्हायचं!

एक चाल दोन-तीनदा फिरवायची, मग कोणीतरी नुसती भुवई उडवतो आणि सगळेच्या सगळे दुसऱ्या चालीत. कॉन्सर्टिनावाल्या आजोबांच्या गिनीज बिअरचा फेस बसून गेला तरी त्यांनी ग्लासाला हात लावला नव्हता. मध्येच एका बाईने वाद्याशिवाय गाणं धरलं, शब्द एक कळला नाही, पण बारमागच्या पोराने नळ बंद करून बडबड्या टेबलाला गप्प केलं.

आता हे सगळं पुराणकाळापासून असंच चालत आलंय असं नाही. आधी नाच-गाणं घराघरात चालायचं, ते चर्चला खटकायचं, १९३५ ला कायदाच आला की लायसन्सशिवाय सार्वजनिक नाच नाही. पबात गोल बसून वाजवायचं तर बरंचसं लंडनला मजुरीला गेलेल्या आयरिश लोकांनी रुजवलं असं सांगतात, म्हणजे आमच्यासारख्या परदेशात पडलेल्यांनीच. १९५१ ला कोल्तस नावाची संस्था निघाली, तिने पोरांना शिकवायला घेतलं. आणि एवढं असूनही २०२१ मध्ये याच कॉबलस्टोनच्या जागेवर हॉटेलचा प्लॅन आला, लोक वाद्यं घेऊन रस्त्यावर उतरले, मग महापालिकेने परवानगी नाकारली.

आपलं भांडण दहा दिवसांचं आणि तेही मिरवणुकीचं. भाच्याचं पथक दोन महिने नदीपात्रात घाम गाळतं, मान्य, पण ते लोकांना दाखवायला. उरलेलं वर्ष कोण कोणासाठी वाजवतं हे कोणी विचारतच नाही. आमच्या गावात दर गुरुवारी भजन असायचं, पट्टी काळी पाच-काळी चार, बुवा, टाळकरी, ऐकायला कोणी नसलं तरी चालायचं, पेटीचा भाता फाटलेला, चहा कोणाकडून यायचा ते ठरलेलं. बुवा गेले. आता संध्याकाळी साडेसहाला पेनड्राइव्हवर हरिपाठ लागतो, आवाज डीजेइतकाच, पण देवाचा म्हणून कोणी ब्र काढत नाही. काका तर नाहीच नाही, स्पीकर त्यांनीच दिलाय.

हे सगळं एअरपोर्टवर बसून ग्रुपवर लिहून टाकलं, चांगलं लांबलचक. काकांचा अंगठा आला. मग चुलतभावाचा मेसेज, "दादा, तू शेवटचे टाळ कधी धरलेले?"

२००१ च्या आषाढीला. तेही मध्येच सोडून क्रिकेटला पळालेलो.