बिनकामाचा स्क्रू

ब्रेकच्या डिस्क घरच्या घरी बदलता येतात, सोपं आहे, असं सांगणारे खोटं बोलत नाहीत, फक्त एका स्क्रूबद्दल गप्प बसतात.

सुरुवात एकदम झक्कास. गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट ढिले करायचे, मग जॅक, मग जॅकवर भरवसा नको म्हणून खाली स्टँड, आणि चाक बाहेर. डिस्कवरून बोट फिरवलं तर कडेला उंचवटा लागला, म्हणजे ब्रेकचं पॅड घासतं तेवढाच भाग झिजलाय आणि कड तशीच उभी. बरेच जण इथे जाडी मोजायला व्हर्नियर लावतात, तो बसतो नेमका त्या कडेवर, डिस्क नव्यासारखी जाड भरते आणि सगळे खूश. मी कडेच्या आत, झिजलेल्या भागावर मायक्रोमीटर लावला. कमीत कमी जाडी डिस्कवरच कोरलेली असते, पण ती सापडायला हवी ना, गंज खरवडत, मोबाईलचा टॉर्च दातात धरून शोधत होतो तर बायको म्हणाली, "काय हरवलंय?" उत्तर द्यायला तोंड मोकळं नव्हतं. आकडा निघाला २० मिमी. माझी डिस्क भरली १९.६.

पॅड डिस्कवर आवळणारा कॅलिपर सुटला, तारेने वर टांगला. (ब्रेक ऑइलच्या नळीवर लोंबकळत ठेवायचा नसतो, पुढे त्याच नळीवर आपला जीव लोंबकळणार असतो.)

आता तो स्क्रू. चाक बसलं की नटच डिस्कला हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर, आवळून धरतात, ह्याचं काम फक्त चाक नसताना डिस्क सांभाळणं. म्हणजे वर्षानुवर्षं बसून पगार खाणारा, पण खुर्चीवरून उठवायला गेलं की युनियन घेऊन येणारा. गंजाचा स्प्रे मारला, हलेना. स्क्रूड्रायव्हरवर जोर दिला तर खाचच गोल व्हायला लागली. शेजारचे काका येऊन "अरे सरळ ड्रिल मार!" म्हणाले आणि ड्रिल न देता गेले. शेवटी इम्पॅक्ट ड्रायव्हर, जो हातोड्याने ठोकला की आत दाबत दाबतच फिरतो. ठोक, शिवी, ठोक, शिवी, आणि टक्! सुटला.

पुढचं सगळं पटापट. हब वायर ब्रशने घासला, गंजाची खपली राहिली तर डिस्क तिरकी बसते आणि ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरतं. नव्या डिस्कवरचं तेल क्लीनरने पुसलं, पॅडही नवे. कॅलिपरमधला, पॅड ढकलणारा पिस्टन मागे दाबताना एक डोळा ब्रेक ऑइलच्या डबीवर, ते वर चढतं आणि सांडलं तर गाडीचा रंग खातं. आणि हो, गाडी हलवायच्या आधी पेडल पंप करून कडक करायचंच, नाहीतर पहिल्याच ब्रेकला पाय थेट तळाला.

डिस्क जोडीनेच बदलायच्या असतात म्हणून दुसऱ्या बाजूला गेलो, स्प्रे, हातोडा, शिव्या, सगळी तयारी करून. चाक काढलं तर तिथे स्क्रूच नाही! आधीच्या कुणीतरी कंटाळून फेकून दिलेला, आणि गाडी आपली निवांत धावतेय. मी पलीकडे नवीन स्क्रू ग्रीस लावून, प्रेमाने बसवून आलो होतो.